पाच नावांचं एकच भांडण

“सर, ‘इतर’ ही भाषा बोलतात तरी कोण?”

मैत्रिणींनी पैज लावली नसती तर हा प्रश्न भोंग्याच्या तोंडून निघालाच नसता, असं मैत्रिणी म्हणतात. मोठ्या आवाजामुळे हे नाव पडलेली भोंगा म्हणते, निघाला असता, फक्त आणखी मोठ्याने. वर्गात भाषागणनेचे कारकून आले होते आणि भोंग्याच्या घरातली, गल्लीतली, अख्ख्या खोऱ्यातली भाषा त्यांच्या यादीत ‘इतर’च्या रकान्यात कोंबलेली होती.

“ज्यांच्या भाषेचं नाव आम्हाला ठाऊक नाही, ते,” कारकून म्हणाले. “नाव सांग, लिहून घेतो. वीस हजार माणसं भरली की भाषेला स्वतःचा क्रमांक, शाळेत शिक्षक आणि परीक्षेला पेपर.”

भोंगा छाती फुगवून म्हणाली, “बाबांकडचे नदीबोली म्हणतात, आईकडचे डोंगरबोली.”

मागून कुणी रानबोली म्हणालं, कुणी मीठबोली, कुणी माळबोली. पाच जमातींची पोरं, पाच नावं. कारकुनांनी मन लावून पाच भाषा लिहिल्या, माणसं पाचांत वाटली आणि एकीचेही वीस हजार भरेनात. इतके दिवस एक भाषा बिननावाची होती. भोंग्याने तोंड उघडलं आणि पाच झाल्या.

“एकच असेल तर शनिवारपर्यंत एक नाव आणा. पाचही जमातींच्या सह्या हव्यात,” कारकून म्हणाले आणि दप्तर आवरून गेले.

घरी वेल्डर बाबांनी लगेच निकाल दिला. “नदीबोली लिही. आहेच ती.”

“तुमच्याकडे भाषा होती कुठे? मी माहेरून आणली,” दवाखान्यातून नुकतीच आलेली नर्स आई म्हणाली.

“मग लग्नाआधी आम्ही काय खाणाखुणा करत होतो?”

“सासूबाई तर अजून करतात.”

शनिवारी कचेरीत भोंग्यासमोर आई-बाबा धरून पाच जमातींची पाच माणसं टेबलाभोवती बसली आणि नाव राहिलं बाजूला, जुंपलीच. मिठागरवाल्या काकांनी सुरू केलेला टोमणा रानातल्या सुईणबाईंनी पुरा केला. त्यावर माळावरच्या मेंढपाळ आजोबांनी असा काही शेरा मारला की पाचही जण एकदमच हसत सुटले. कारकून तेवढे कोरडे.

“काय म्हणाले ते?”

“तुमच्याबद्दलच होतं,” भोंगा म्हणाली. “पण बघा ना सर, पाच भाषांचं भांडण, आणि दुभाष्या फक्त तुम्हालाच लागला.”

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. पाचही जणांकडे एकदा नीट पाहिलं. मग चार ओळी खोडल्या आणि बेरीज मांडली. “एकच भाषा. अठ्ठेचाळीस हजार माणसं. नाव?”

पुन्हा जुंपणार, तोच भोंग्याने फॉर्म ओढला, क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि बारीक अक्षरात एकाच ओळीत पाचही नावं बसवली. डोंगर पहिला, नदी शेवटची. बाबांनी आपली चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली, मग सही केली.

“एवढं लांब नाव?”

“माणसंही तेवढी आहेत, सर.”

घरी पोचल्यावर आई-बाबा चपला काढायच्या आत भोंगा दारातच उभी राहिली.

“मी ठरवलंय. परीक्षेला आपल्या भाषेचा पहिला पेपर मी देणार. पुस्तक अजून नाहीये, तेव्हा रोज जेवणं झाली की तुम्ही दोघांनी सांगायचं, मी लिहिणार. जिथे तुमचं पटणार नाही तिथे दोघांचंही लिहीन. वही जाड घेतलीये.”