झिंगवणारा चष्मा

विद्यापीठाच्या आवारात व्यसनाला थारा मिळणार नाही, हे वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरांनी प्राण पणाला लावून जाहीर केलं होतं. प्राण त्यांचे, आणि नियमही त्यांचेच. ज्याचा तोल गेलेला दिसेल त्याला पकडायचं, खुलासा ऐकायचा नाही, पालकांना बोलवायचं आणि प्रबोधनवर्गाला बसवायचं. "अपवाद?" कुलगुरूंनी हळूच विचारलं होतं. "एकही नाही!" प्रोफेसर कडाडले होते. कॉफीसुद्धा पातळ करून पिणारा माणूस!

व्यसनमुक्ती सप्ताहासाठी त्यांनी एक खास चष्मा मागवला. तो चढवला की प्यायलेल्याला जसं जग दिसतं, तसं न पिताच दिसायचं. मुलांना तो लावून सरळ रेषेवर चालायला लावायचं, असा बेत. आधी आपल्या खोलीत स्वतःवर प्रयोग केला. टेबलं दोन झाली, दरवाजे तीन! "वा!" म्हणत चष्मा काढायला गेले, तर पट्टा केसांत अडकलेला. ओढला, तर आणखी आवळला!

कात्री शोधायला ते बाहेर पडले. तिसरा दरवाजा खरा निघाला. सप्ताहाच्या प्रदर्शनासाठी आणलेली दारूची रिकामी बाटली हातात तशीच राहिली होती. कॉरिडॉरमध्ये त्यांनी कुंडीला धडक दिली, नोटीस बोर्डाची माफी मागितली आणि खांबाला मिठी मारून विचारलं, "जरा कात्री देता का?"

उत्तर शेजारच्या सुरक्षारक्षकाने दिलं. "चला सर, ऑफिसात."

"अहो, मी प्यायलेलो नाही!"

"पहिलं वाक्य हेच असतं, असं ट्रेनिंगमध्ये तुम्हीच सांगितलंत."

"वास घेऊन बघा!"

"नाही येत. वास न येणारी नशा जास्त घातक. हेही तुम्हीच."

"अहो, हा चष्मा आहे, चष्मा!"

"तेच म्हणतो. आसपास पाण्याचा थेंब नाही, आणि तोंडावर पोहायचा चष्मा!"

कुलगुरूंच्या खोलीत पट्टा कापला गेला, मूठभर केसांसकट. जग पुन्हा एकच झालं आणि त्यात कुलगुरूंचं हसू स्वच्छ दिसलं.

"आता माझा खुलासा ऐका!" प्रोफेसर ओरडले. "इतक्या वर्षांची अब्रू आहे माझी!"

"ऐकतो की. पण मग परवा पकडलेल्या मुलांचाही ऐकावा लागेल. काढू नियम मोडीत?"

एकीकडे अब्रू, एकीकडे नियम. प्रोफेसरांचा चेहरा लालबुंद झाला.

"नियम... राहू दे!"

तासाभरात पालक हजर झाल्या. ऐंशीच्या आई, काठी टेकत.

"लग्नापर्यंत चांगला होता हो," त्या कुलगुरूंना म्हणाल्या. "नंतरचं मला विचारू नका."

"आई! चष्म्यामुळे झालं ते!"

"हो, हो. तुझे वडीलही चष्म्यामुळेच पडायचे."

दुसऱ्या दिवशी प्रबोधनवर्ग भरला. परवा पकडलेल्या मुलांनी आपला वर्ग पुढच्या आठवड्यावर ढकलून घेतला होता. शिकवायला प्रोफेसर, शिकायला प्रोफेसर, आणि पालकांच्या खुर्चीत आई.

"व्यसन," प्रोफेसर संतापाने टेबलावर मूठ आपटत गरजले, "माणसाची झोप उडवतं!"

आई तोवर झोपल्या होत्या.