देवरावांच्या हाका बंद करणाऱ्या ठरावाविरुद्ध

सोमवार, सकाळ : देवरावांनी हाक मारली आणि उत्तर आले नाही. जबाबदार : रक्ताची एक गुठळी.

तोच सोमवार, थोड्या वेळाने : छावणीच्या नाक्यावर रिक्षा अडकली. जबाबदार : वाळूजच्या शिफ्टच्या बसगाड्या आणि त्यांना भर नाक्यात वळू देणारी यंत्रणा.

त्याच आठवड्याचा गुरुवार : देवराव रुग्णालयात असताना त्यांच्या हाकांवर बंदी घालणारा ठराव संमत झाला. जबाबदार : आमच्या सोसायटीचे सचिव श्री. तौर.

पुढचा मंगळवार : देवराव घरी परतले आणि गप्प बसले. याला जबाबदार कोण, हे वाचकांनी ठरवावे. त्याकरिता संपूर्ण वस्तुस्थिती सादर करतो.

आमचे शेजारी देवराव रोज सकाळी गॅलरीत उभे राहून सोसायटीतल्या प्रत्येक रहिवाशाला मेंढरांच्या नावाने हाक मारतात. हे वाक्य मी पोलीस चौकीला, महानगरपालिकेला आणि सोसायटीच्या समितीला इतक्या वेळा लिहिले आहे की ते आता मला झोपेतही बिनचूक लिहिता येईल.

देवराव मूळचे चितेगावकडचे. घरचा कळप होता. चराईची राने कारखान्यांच्या कुंपणांत गेली, तेव्हा कळप विकला आणि वाळूजच्या एका कारखान्यात कामाला लागले. निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीत, चौकापलीकडे माझ्या समोरच, राहायला आले. पत्नी नाही, मूलबाळ नाही, चितेगावला एक पुतण्या आहे. "मेंढरं गेली, मोजायची सवय नाय गेली," असे ते सांगतात. कळप मोजल्याशिवाय त्यांच्या घशाखाली भाकर उतरत नाही. आणि कळप म्हणजे आता आम्ही.

तळमजल्यावरच्या शिक्षिका देशमुखबाई हातभर बांगड्या घालतात, म्हणून त्या 'घंटीवाली'. सचिव तौर केसांना कलप लावतात आणि मुळाशी पांढरे उगवू देतात, म्हणून ते 'बांड्या'. मी दिवाणी न्यायालयात नोकरी केली. मी वकील नाही. तरीही देवराव मला समोरासमोर 'वकीलसाब' म्हणतात आणि गॅलरीतून 'मोडशिंग्या'. याचा खुलासा मी मागितला होता.

"तुमी टक्कर देयाचं सोडत नाय, वकीलसाब," ते अत्यंत आदराने म्हणाले, "पन शिंग मोडल्यालं हाय. रिटायर झाला ना तुमी."

प्रत्येक हाकेला ओ मिळालीच पाहिजे, हा त्यांचा दंडक. न मिळाल्यास ते दार ठोठावतात. मी ओ म्हणून रोज एकच वाक्य ओरडत असे : "ध्वनिप्रदूषण हा दखलपात्र विषय आहे!" त्यावर ते समाधानाने म्हणत, "हाय, मोडशिंग्या हाय," आणि पुढच्या गॅलरीकडे वळत.

एकदा मी संतापून विचारले, "अहो, माणसे काय हरवतात का बसल्या जागी?"

तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "हरवल्यालं मेंढरू वरडत नाय, वकीलसाब. कुटंतरी खड्ड्यात गप पडून ऱ्हातं. जे वरडतं त्येचं भ्या नाय. गप होतं त्येचं भ्या. म्हनून आपुन वरडायचं."

सर्वांची नावे झाली की शेवटी ते स्वतःच्या नावाने हाक मारत. "देवराऽऽव!" मग क्षणभर थांबून, जरा वेगळ्या आवाजात, स्वतःच ओ देत : "हाय, हाय! हितंच हाय!" यावर इमारतभर हसू फुटे. मी हसत नसे. त्या ओनंतर शांतता होते आणि मला लिहायला बसता येते, एवढाच माझा त्या ओशी संबंध होता.

त्या सोमवारी घंटीवाली झाली, बांड्या झाला, मोडशिंग्या झाला. "देवराऽऽव!" झाले. मी टोपण काढून पेन हातात धरले आणि वाट पाहू लागलो.

ओ आली नाही.

मी आणखी थोडा थांबलो. खाली दुधाच्या पिशव्यांचा आवाज, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि समोरच्या गॅलरीत काहीच नाही. मला त्यांचे ते खड्ड्यातले मेंढरू आठवले. मी चपला न घालता जिना उतरलो आणि त्यांचा जिना चढलो.

देवराव गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. उजवा हात लोंबत होता. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. डोळे माझ्याकडे वळले. त्यांत ओळख होती आणि ओरडता न येणाऱ्या माणसाची भीती होती. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर पडत नव्हता. इतक्या वर्षांत प्रथमच ते माझ्यासमोर गप्प होते, आणि मला ते सहन होईना.

हमीदभाईंची रिक्षा खालीच उभी असते. "पकडो वकीलसाब, गर्दन सीधी रखो उनकी," म्हणत त्यांनी देवरावांना जवळजवळ उचलूनच रिक्षात घातले. नाक्यावर बसगाड्यांनी वाट अडवली होती. मी रिक्षाबाहेर उतरून वाहतूक नियमांची कलमे मोठ्याने म्हणू लागलो. हमीदभाई ओरडले, "कलमां बाद में! पहले वो बस को हात दिखाओ!" मी भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. कायद्यात याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

रुग्णालयात डोक्याची तपासणी झाली आणि एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्यापाशी आल्या. मेंदूच्या डाव्या भागातल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वाचेचा कारभार त्याच भागात चालतो. मांडीच्या सांध्यापाशी रक्तवाहिनीत नळी घालायची, ती छातीतून, मानेतून थेट मेंदूपर्यंत न्यायची. नळीच्या आतून केसासारख्या तारेची मिटलेली जाळी पुढे सरकवायची. ती गुठळीत उघडली की गुठळी तिच्यात गुंतते. मग दुसऱ्या नळीने शोषत जाळीसकट ती बाहेर ओढायची.

"एवढ्या बारीक वाहिनीत?" मी विचारले.

"त्याचीच काळजी आहे काका. मोठ्या वाहिनीत हे सोपं पडतं. हिची भिंत पातळ आहे. फाटली तर आत रक्तस्राव होईल. नाही केलं, तर बोलणं बहुधा परत येणार नाही. तुम्ही कोण त्यांचे?"

संमतीपत्र माझ्या हातात होते. मी आयुष्यात कोणताही कागद तीनदा वाचल्याशिवाय त्यावर सही केलेली नाही. त्यात 'मृत्यू' हा शब्द पहिल्याच परिच्छेदात होता. पुतण्याला फोन लावला. तो चितेगावच्या कारखान्यात मशीनवर होता. "मी निघालोच वकीलसाब, पन तुमी सही करा! काकाला थांबवू नगा!" तो रडत होता. मी तो कागद एकदाच वाचला. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात असत्य विधान करणे मला शक्य नव्हते. मी लिहिले : 'शेजारी व तक्रारदार.' डॉक्टरीणबाईंनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि कागद घेऊन आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर मी बसलो. त्या बंद दारामागे एक तार माझ्या शेजाऱ्याच्या मेंदूत शिरत होती. जाळी उघडली असेल का? भिंत फाटली असेल का? चिडायला समोर कोणीच नव्हते. ज्याला नोटीस बजावावी असा प्रतिवादीच नाही, अशी भीती मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती.

नंतर बाईंनी मला कापसाच्या पट्टीवर ती गुठळी दाखवली. बाजरीच्या दाण्याएवढी, काळपट लाल. एवढ्याशा वस्तूने एक अख्खा कळप बेवारस केला असता.

संध्याकाळी त्यांनी देवरावांना विचारले, "आजोबा, हे कोण?"

देवरावांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. जीभ जड होती. "मो... मोड... शिंग्या."

"असं काय म्हणतात ते?" बाई घाबरल्या. "गोंधळ झालाय का त्यांचा?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. "ओळख पूर्णतः बरोबर आहे." आणि मला रुमाल सापडेना.

घरी सोडताना बाईंनी बजावले : वाचा वापरली तरच परतेल. रोज बोलते करा, नावे घेऊ द्या, समोरून उत्तर मिळू द्या. गप्प बसू देऊ नका.

आम्ही घरी आलो, तर देवरावांच्या दारावर ठराव चिकटवलेला. 'प्राप्त तक्रारींस अनुसरून सकाळी हाका मारण्यास मनाई.' त्या तक्रारी माझ्या आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु माझी मागणी हाका अर्धा तास उशिरा आणि जरा हळू माराव्यात, इतकीच होती. माणूस बंद करा असे मी कोठेही म्हटलेले नाही. तौर यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "काका, तुमचंच काम केलं की. आता तरी खूश व्हा." आणि डोक्यावरून हात फिरवला, बांड्या!

ठरावावर सोसायटीचा गोल शिक्का आहे. देवरावांच्या घराण्याने शिक्क्याच्या कागदावर आपली राने जाताना पाहिली आहेत. देवरावांना तो कोर्टाचा हुकूम वाटतो. तो त्यांना लागू होत नाही, हे मी पुनःपुन्हा समजावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅलरीत आले, तोंड उघडले, दाराकडे वळून पाहिले, तोंड मिटले. "शिक्का... हाय," एवढेच म्हणाले आणि आत जाऊन बसले. त्या दिवसापासून ते बसूनच आहेत. काल त्यांना 'घंटीवाली' हा शब्द आठवला नाही.

सबब, माझ्या सर्व तक्रारी मी या पत्राने बिनशर्त मागे घेत आहे आणि श्री. तौर यांच्याकडे जाहीर मागणी करीत आहे. लेखी उत्तर स्वीकारले जाणार नाही. उद्या सकाळी तो कागद मी स्वहस्ते फाडीन. त्याचे जे कलम लागेल ते लावावे. मग देवरावांना गॅलरीत आणून उभे करीन. ते नावे घेतील, अडखळतील, कदाचित चुकतीलही. आपले नाव आले की तौर यांनी आपल्या गॅलरीत येऊन, सर्वांदेखत, ओ द्यावी. आणि सगळ्यांत शेवटी देवराव स्वतःच्या नावाने हाक मारतील. त्या हाकेला ओ देण्याइतकी वाचा त्यांच्यात अद्याप परतलेली नाही. 'हितंच हाय' हे त्यांच्या वतीने कोण म्हणणार आहे? मी म्हणणार आहेच. परंतु एका मोडक्या शिंगाने कळप होत नाही. तौरसाहेब, उत्तर द्या, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने द्या.