अरूआजोबांची खडीसाखर

प्रिय ईशा आणि रोहन,

परवा फोनवर ईशा म्हणाली, "आजी, आर यू देअर? तू मध्येच म्यूट होतेस." ते का होतं, हे आताच लिहून ठेवते, कारण ज्यांच्यामुळे होतं ते अरूआजोबा या हिवाळ्यात गेले. बाबांकडून वाचून घ्या.

अरूआजोबा म्हणजे माझे धाकटे दीर. इथे कॅनडातल्या लंडनच्या विद्यापीठात ते शिकाऊ सायकॉलॉजिस्टना पेशंटशी बोलायला शिकवत. खरं तर न बोलायला. स्वेटरच्या खिशात खडीसाखरेचा चपटा डबा कायम. पेशंट गप्प झाला की शिकाऊ माणसाला काहीतरी शहाणपणाचं बोलावंसं वाटतंच. तेव्हा तोंडात एक खडा टाकायचा आणि तो विरघळेपर्यंत ब्र काढायचा नाही, हा त्यांचा नियम. कुणी घाई केली की इंग्रजी सोडून "थांब!" म्हणून ओरडत. या गावातल्या बऱ्याच गोऱ्या डॉक्टरांना तेवढा एकच मराठी शब्द येतो.

तालीम त्यांच्या बेसमेंटमध्ये चाले आणि खोटी पेशंट म्हणून मला बसवत. एकदा मेलिसा नावाच्या मुलीपुढे मी मांजर हरवलेली बाई झाले होते. मी जरा थांबले, तोच ती म्हणाली, "दुसरं मांजर पाळलंत तर?"

"थांब! खडा!"

तिने खडा तोंडात टाकला. कडकन आवाज आला.

"चावलास? चावणं म्हणजे कॉपी! दुसरा घे."

मेलिसा गाल फुगवून बसली. मीही बसले. त्या शांततेत मांजर कुठल्या कुठे गेलं आणि मी माझ्या आईबद्दल बोलू लागले, जिच्या शेवटच्या आजारात मला भारतात पोचता आलं नव्हतं. मेलिसाने टिश्यूचा बॉक्स पुढे केला. भावजी खुशीत म्हणाले, "वहिनी, फर्स्ट क्लास!"

पण हाच माणूस स्वतःच्या मुलापुढे नापास व्हायचा. निखिलकाका इथून गाडीने सहा तासांवर, कनाटाला नोकरी करतो. रविवारी त्याचा फोन यायचा, भावजी स्पीकरवर टाकायचे.

"बाबा, मला ना इथे…" म्हणून निखिल थांबायचा.

"मॅनेजरशी बोल. नाहीतर दुसरीकडे अप्लाय कर. आणि विंटर टायर्स बसवलेस का?"

"बसवले. जाऊ दे, बाबा."

मी एकदा म्हटलं, "भावजी, खडीसाखर संपली वाटतं?"

ते हसले नाहीत. "वहिनी, दुसऱ्याचं मूल गप्प बसलेलं सोसतं हो. माझं गप्प झालं की जीव घाबरतो."

हळूहळू फोन विरळ झाले. मग यंदा थंडीच्या सुरुवातीला एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना फोन वाजला. भावजींनी मला खूण केली, डबा उघडला, खडा तोंडात टाकला आणि मग फोन घेतला.

"बाबा, एक सांगायचं होतं…" निखिल थांबला.

भावजींनी टेबलाची कड घट्ट धरली. अक्षर बोलले नाहीत.

"बाबा? हॅलो? कट झाला वाटतं." आणि फोन बंद.

"अहो, लावा ना परत!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. खडा विरघळल्यावर म्हणाले, "घाई नको. त्याचा तो करेल."

पुढच्या रविवारच्या आतच त्यांचं हृदय थांबलं.

घर आवरताना मी हे सगळं निखिलला सांगितलं. त्याने डबा उघडून एक खडा तोंडात टाकला, एक मला दिला. आम्ही दोघं रिकाम्या बेसमेंटच्या पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काकू, मला फक्त विचारायचं होतं, काही दिवस घरी येऊन राहू का."

तेव्हा बाळांनो, बोलता बोलता तुम्ही थांबलात आणि इकडून काहीच ऐकू आलं नाही, तर फोन ठेवू नका. निम्मी खडीसाखर निखिलने कनाटाला नेली. उरलेली त्याच डब्यात, माझ्या फोनजवळ आहे.

तुमची आजी