आबांना 'व्हय' म्हणायचं!

"हरवतील कसे? मी हाय ना!" असं आजीला छातीठोक सांगून निघाले, अन् तिथंच माती खाल्ली, पोरींनो!

आमच्या आबांना, म्हणजे दगडोबा आजोबांना, अल्झायमर हाय. वर्ष झालं, मला ते त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात, सोजर! अन् गाव म्हणतं, वय झालं, चालायचंच. म्हणून आमी ठरवलं, ईट गावाजवळचा डोंगर चढायचा, लोकांना हा आजार समजावायचा अन् पेशंटांसाठी देणगी गोळा करायची. डोंगरमाथ्यावर मंडप, माईक, हार, सगळं टकाटक!

पायथ्याला मी पोरांना ट्रेनिंग दिलं. आबा शेजारीच खुर्चीत.

"पेशंटशी वाद घालायचा न्हाय! ते म्हणले मी तहसीलदार, तर आपण म्हणायचं व्हय! हात धरून बसवायचं, पाणी द्यायचं."

वळून बघते तर खुर्ची रिकामी!

एकीकडं घळ, दुसरीकडं काटेरी झुडपं, वर ऊन तापलेलं. तेवढ्यात आजीचा फोन! उचलू कशी? ग्रुपवर टाकलं, 'आबा हरवले! धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. नाव विचारलं तर काहीही सांगतील!'

आता आमच्याकडं धोतर-टोपी-काठी नसलेला म्हातारा दाखवा मला!

हाका मारून मारून घसा बसला. घळीत वाकून बघितलं तर खाली पांढरं काहीतरी पडलेलं. घसरत खाली गेले, काट्यात हात घातला. खताचं रिकामं पोतं! तिथंच मटकन बसले अन् रडले.

तेवढ्यात ट्रेनिंगमधल्या रणधीरचा फोन. "ताई, सापडले! पायथ्याच्या देवळात बसवलंय. पण लई चिडलेत. म्हणतात, मी प्रमुख पाहुणा हाय!"

"वाद घालू नको!"

"छ्या! व्हय म्हणलं, पाणी पाजलं, दोन्ही हात धरून ठेवलेत!"

पळत गेले. चप्पल एक वाटेतच राह्यली. बघते तर काय, आमचे खरेच प्रमुख पाहुणे, रिटायर हेडमास्तर अण्णाराव सर! तोंड लालबुंद, दोन पोरं हाताला लटकलेली, तिसरा तांब्या घेऊन उभा!

"निकिता, सांग ह्यांना मी कोण हाय!"

"व्हय सर, व्हय..."

"बघा!" रणधीर म्हणला. "ताईसुद्धा व्हयच म्हणल्या!"

मग आबा कुठं?

अन् वरून भोंगा खरखरला. "माझी नात हरवलीय हो..."

आबा! तरुणपणी त्याच डोंगरावर गुरं राखलेला माणूस. डोकं विसरलं, पाय न्हाय! वरच्या पोरांनी धोतर-टोपी बघून त्यांनाच पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलेलं, गळ्यात हार! समोर बाया डोळे पुसत देणगीच्या पेटीत नोटा टाकत होत्या.

"निकिता नाव हाय तिचं. माझ्या शेजारीच व्हती. लई भित्री हाय. दिसली तर सांगा."

निकिता! वर्षानं ऐकलं हो माझं नाव!

धापा टाकत वर पोचले. "आबा! मीच निकिता!"

आबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. एका पायात चप्पल, केसात काटे, तोंडभर माती. मग शेजारच्या पोराला जवळ बोलावलं अन् चालू माईकवर हळूच म्हणले,

"वाद घालू नको, बाळा. व्हय म्हण. पाणी दे तिला."

अन् त्या पोरानं खरंच दोन्ही हात धरून मला खाली बसवलं की!