इस्तारीला कुठे पाठवावे याबाबत

सरकारी माणसाने चोरी केली की त्याची बदली गडचिरोली जिल्ह्यात होते. हा लेखी नियम नाही, पण लेखी नियमांपेक्षा काटेकोरपणे पाळला जातो. १९८५ साली धानोऱ्यापलीकडच्या आमच्या कचेरीत मोठे साहेब कालव्याचं सिमेंट खाऊन आले होते, धाकटे साहेब शाळेच्या पोरांची सुकडी खाऊन. स्थानिक असा कारकून मी एकटाच. मला कोणी काही खाऊच दिलं नव्हतं.

अशा पवित्र ठिकाणी इस्तारीने चोरी केली. तो तळ्यावर मासे मारून पोट भरणारा माणूस. वादळात घरावरचं छप्पर उडालं म्हणून त्याने जंगलातून चौदा बांबू तोडले. मोठ्या साहेबांचा तोल गेला.

"माझ्या हद्दीत चोरी? तडीपार करा हरामखोराला!"

मी विचारलं, "पण सायेब, याले पाठवाचं कुठी?"

प्रश्न बिनतोड होता. शिक्षा म्हणजे आहे त्याहून वाईट जागी रवानगी. कागद वर गेला. दीड महिन्याने उत्तर आलं : 'यापेक्षा हलकी जागा राज्यात सध्या शिल्लक नाही.'

इस्तारीने हात जोडले. "सायेब, मले इथीच राहू द्या ना. घरावर छप्पर नाई, अन् माह्या बायकोचे, सोमारीचे दिवस भरत आले."

"अरे वा! मला इथे राहायची शिक्षा झाली ती चार हजार पोती सिमेंटसाठी. चौदा बांबूंना तीच कशी देऊ? न्याय नावाची काही चीज आहे की नाही?"

शेवटी साहेबांनीच तोड काढली. इस्तारीला पुण्याला पाठवायचं. कैदी अत्यंत धोकादायक, सबब बंदोबस्ताला दोन्ही साहेब जातीने जाणार, सोबत त्यांचे टीव्ही आणि कपाटं. हुकूम मीच टाइप केला. एकही चूक केली नाही.

सोमारीला भर पावसात, उघड्या घरात मुलगी झाली. पोरीला पदराखाली घेऊन ती रोज कचेरीत यायची. "भाऊ, माहा मानूस कधी येते?"

"सायेब आले का विचारतो, बाई."

साहेब बंदोबस्तावरून परत आलेच नाहीत. त्यांची तिकडेच सोय झाली. आणि इस्तारीला सोडायला साहेबांची सही लागते. मला लाज वाटते, हे सांगतो. त्यापलीकडे मी काहीही केलेलं नाही.

वाचकहो, इस्तारी अजून पुण्यातच आहे; तुमच्याच सोसायटीच्या फाटकावर खाकी घालून उभा असतो. तुमच्या घरातला चमचा हरवला तरी आधी त्याच्या पिशवीची झडती होते. मोठे साहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात. गेल्या रविवारी तुम्हीच त्यांना एकमताने चेअरमन केलंत.