डायरीतलं माप

डायरीच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र लुकलुकायला लागलं, तेव्हा गैबीसाबच्या हातात प्रभाताईंच्या ब्लाउजचं मोरपंखी कापड होतं आणि कात्री उघडी होती. त्यांनी कात्री मिटली. डायरी कानाशी धरून हलवली. चित्र लुकलुकतच राहिलं.

"बिस्मिल्ला, बाहेर ये की जरा. हिचा जीव चाललाय."

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "कुणाचा?"

"डायरीचा."

भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

डायरी म्हणजे तळहाताएवढी, चष्म्याच्या डबीसारखी उघडणारी डिजिटल डायरी. बावीस वर्षांपूर्वी घेतलेली. त्याआधी सात रस्त्याजवळच्या गल्लीतल्या गैबीसाबच्या एका खोलीच्या टेलरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं एका लाल वहीत असायची, आणि वही काउंटरवर असायची. एकदा एका बाईंनी आपलं पान शोधता शोधता जावेचं पान वाचलं. नुसतं वाचलं असतं तर निभावलं असतं, पण त्यांनी ते हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत सांगितलं. महिन्याभरात त्या घरात दोन चुली झाल्या. गैबीसाबनी त्याच दिवशी वही बंबात घातली आणि डायरी आणली.

डायरीला कुलूप होतं. पाच आकडे दाबल्याशिवाय ती कुणाचं माप कुणाला सांगत नसे, आणि ते आकडे एकट्या गैबीसाबना ठाऊक. माप घ्यायचं ते एकदाच, कापडी पडद्यामागे, त्यांच्या बायकोनं, बिस्मिल्लानं. आकडा कुजबुजत बाहेर यायचा आणि डायरीत गडप व्हायचा. त्यानंतर पुन्हा टेप नाही, आकडा नाही, विषय नाही. गल्लीतल्या बायकांनी मापाचं ब्लाउज सोबत आणणंच सोडून दिलं. "डायरीत आहे की," म्हणायचं, कापड टाकायचं आणि जायचं. ब्लाउज अंगात असं बसायचं की गैबीसाब प्रत्येकीला सांगायचे, "डायरी चुकत न्हाय, ताई. माणूस चुकतं."

तोटेही होते. अक्षरं मुंगीएवढी, बटणं तांदळाएवढी, आणि गैबीसाबचं बोट एका वेळी दोन दाबायचं. शिवाय रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती किंचाळायची. कापडाच्या एका व्यापाऱ्याला स्टेशनवर आणायला जायचं म्हणून कधीतरी लावलेला गजर, बंद कसा करायचा ते कुणालाच कळलं नाही. व्यापारी वारला, गजर राहिला. आता गल्ली त्यावर चहाचं आधण ठेवायची.

लेक मेहनाज कुर्डुवाडीला दिलेली. ती दर फोनला म्हणायची, "अब्बा, सगळं मोबाईलमध्ये घाला. एका बोटात होईल."

"मोबाईलला सतरा तोंडं हायेत, बेटा. डायरीला एक पण न्हाय."

तर ती बिनतोंडाची डायरी आता डोळे मिटायला निघाली होती, आणि वेळही कुठली! प्रभाताईंच्या पुतणीचं, निवेदिताचं लग्न आठ दिवसांवर. घरातल्या अकरा बायकांची अकरा कापडं नावाच्या चिठ्ठ्या टाचून फळीवर पडलेली. प्रभाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या जिथं कपडे टाकतील तिथं अर्धी गल्ली टाकायची. वळणावर नवं बुटिक निघालं होतं. तिथं एक मुलगी माप घेताना आकडा ओरडून सांगायची आणि दुसरी खोलीच्या त्या टोकाला कॉम्प्युटरवर टिपायची, म्हणून अजून बायका तिकडं फिरकत नव्हत्या. प्रभाताई एकदा तिकडं गेल्या असत्या, तर गैबीसाबना शिलाई मशीनला झाकण घालून बसावं लागलं असतं.

डायरी रुमालात गुंडाळून गैबीसाब मुबीनकडे निघाले. मुबीनचं घड्याळदुरुस्तीचं दुकान सात रस्त्यावर. रस्ता ओलांडताना त्यांनी डायरी छातीशी धरली होती. रिक्षावाल्यांना वाटलं, चाचांना कळ आली. दोघांनी थांबून विचारलंसुद्धा.

"चाचा, ही अजून जिवंत हाय?" मुबीननं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं.

"तिच्यासमोर असं बोलू नको."

"बॅटरी हाय माझ्याकडं. पण आधी सगळं कागदावर उतरवून घ्या. जुन्या वस्तूचा भरवसा न्हाय."

गैबीसाबनी आजूबाजूला पाहिलं. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. गल्लीतल्या बायकांची मापं अशी चारचौघांत काढायची? ते भिंतीकडे तोंड करून बसले, डोक्यावरून रुमाल पुढं ओढून घेतला आणि त्या तंबूत कागद-पेन्सिल घेऊन पाच आकडे दाबले. पहिलं नाव आलं अनसूयाबाईंचं. अनसूयाबाई चार वर्षांपूर्वी मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या. तरी गैबीसाबनी त्यांचं छाती, कंबर, बाही, गळा, सगळं नीट उतरवलं. डायरीतल्या बाईला वगळणं त्यांना जमेना.

पेन्सिल दुसऱ्या नावावर टेकली आणि चार वाजून दहा मिनिटं झाली.

डायरी किंचाळली. बाकावरचे दोघे उभे राहिले. होता नव्हता तो जीव ओरडण्यात घालवून डायरीचा पडदा राखाडी झाला, मग कोरा.

"आण इकडं, आण इकडं!" घाईत मुबीन चाचांना अरे-तुरे करून बसला. त्यानं स्क्रू काढले, चिमट्यानं जुनी बॅटरी उचलली, नवी बसवली. पडदा उजळला. गैबीसाबच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलेलं होतं आणि शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

डायरी विकणाऱ्यानं बावीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, काही विचारलं तर वाय दाबायचं, वाय म्हणजे हो.

"थांबा चाचा, बघू काय म्हणतीय..." मुबीन भिंग लावेपर्यंत गैबीसाबनी वाय दाबलं होतं.

डायरीनं क्षणभर विचार केला. मग बारीकसा 'पिक्' असा आवाज आला आणि पडद्यावर एक जानेवारी, बारा वाजले.

"काय विचारत हुती?"

मुबीननं भिंग पुसलं. परत लावलं. "सगळं पुसू का, असं."

"मग?"

"तुमी हो म्हणालात."

"बावीस वर्षं मी तिला होच म्हणतोय रं," गैबीसाब म्हणाले आणि बाकावर बसले. तिथं आधीच बसलेल्या माणसानं त्यांना स्वतःचं पाणी दिलं.

परतताना त्यांनी मनाशी ठरवलं की मापं पुन्हा घ्यायची, पण एकेक करून, गोडीनं. सुरुवात गल्लीतल्या सगळ्यांत गरीब स्वभावाच्या बाईपासून करावी. काशम्माक्का दारातच शेंगा निवडत बसल्या होत्या.

"अक्का, एकदा बिस्मिल्लाकडं येऊन जाता का? जरा खात्री करायची हुती."

"कसली खात्री?"

"मापाची."

काशम्माक्कांचा शेंगांतला हात थांबला. "का? मी वाढले व्हय?"

"न्हाय, न्हाय! तसं न्हाय!"

"मग कमी झाले?"

गैबीसाब प्रामाणिक माणूस. ते थांबले. फार नाही, एक श्वासभर. पण तेवढं थांबणं पुरलं.

दिवेलागणीपर्यंत गल्लीत बातमी झाली की गैबीसाबच्या डायरीनं सगळ्या बायकांना जाड ठरवलं आहे. एक बाई येऊन न बोलता आपलं कापड परत घेऊन गेल्या. दुसरीनं दारातूनच विचारलं, "माझं काय म्हणाली ती?" आणि उत्तर ऐकायला थांबली नाही. प्रभाताईंचा निरोप आला: "उद्या अकराला येते. माझ्यासमोर कापा."

सकाळी गैबीसाब कापडापुढं बसले होते. समोर चहा होता, त्याच्यावर साय धरली होती. बिस्मिल्ला पाटावर बसून एका तयार ब्लाउजला हूक लावत होती.

"बसलाय काय? कापा की."

"कशावर कापू? डायरीत अनसूयाबाई पण उरल्या न्हाईत."

"प्रभाताईचं अडतीस धरा," बिस्मिल्ला दोरा दातानं तोडत म्हणाली.

"चौतीस. मला पाठ हाय तेवढं."

"ते डायरीत."

गैबीसाबनी मान वर केली. बिस्मिल्लानं हातातलं ब्लाउज उलटं करून त्यांच्यापुढं टाकलं. शिलाईच्या आतल्या बाजूला खडूची तीन टिंबं होती. असली टिंबं ते बावीस वर्षं बघत आले होते. बिस्मिल्लाला लिहिता येत नाही, हूक मोजायला टिंबं काढत असेल, असं त्यांनी धरून चालवलं होतं.

"एक टिंब म्हंजे एक इंच," बिस्मिल्ला म्हणाली. "तुमी डायरी बघून कापायचा, टाचायचा. मी बाजू उसवून सैल करायची, मग हूक लावायची."

"टेप न लावता?"

"टेप कशाला? दाराची चौकट हाय की. बाई आत येताना दोन्ही बाजूला किती उजेड ऱ्हातो, ते बघायचं."

गैबीसाबनी दाराकडं पाहिलं. मग फळीवरच्या कापडांकडं. कापताना शिलाईच्या आत जादा कापड राखतात, त्याला माया सोडणं म्हणतात. त्यांच्या दुकानाइतकी माया सोलापुरात कुठलाच टेलर सोडत नव्हता, आणि त्यावरून दोघांचं दर सणाला भांडण व्हायचं.

"म्हणून 'माया जास्त सोडा, माया जास्त सोडा' करून डोकं खायचीस?"

"मग? उसवायला कापड नको?"

"मला कवा सांगितलं न्हाईस ते!"

"तुमी सगळ्यांना सांगत हुता, डायरी चुकत न्हाय. ती कुटं चुकली? ती बिचारी तवाचंच सांगत हुती. बाया फुडं गेल्या."

गैबीसाबनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. बावीस वर्षांत एकही ब्लाउज परत आलं नव्हतं. हे वाक्य त्यांनी लेकीच्या सासरीसुद्धा अभिमानानं सांगितलं होतं. त्यांनी कात्री जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "काशम्माक्का?"

"दोन टिंबं."

"निवेदिता?"

"उलटं. एक कमीच करा. लग्न ठरल्यापास्नं धड जेवत न्हाय पोरगी."

गैबीसाबनी चहा एका घोटात संपवला.

अकराला प्रभाताई आल्या. खुर्चीवर ताठ बसल्या, चष्मा लावला. "गैबीसाब, मी काय ऐकते? डायरी बिघडली म्हणे. सगळ्यांची मापं नव्यानं घेणार म्हणे."

खरं सांगायला ही जागा चांगली होती. बिस्मिल्लाच्या गळ्यात टेप होतीच. प्रभाताईंची नजर त्या टेपवर गेली. तीस वर्षं शाळा गप्प करणाऱ्या त्या बाईंनी मांडीवरची पर्स हळूच उचलली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

गैबीसाबनी ते पाहिलं. त्यांनी बिस्मिल्लाच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि खणात टाकली.

"कोण म्हणतं बिघडली?" त्यांनी डायरी उघडली. "नवी बॅटरी घातलीय. बघा."

एका वेळी दोन बटणं दाबत, पुसत, पुन्हा दाबत त्यांनी प्रभाताईंचं नाव लिहिलं. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. शोधायचं बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी उमटलं. नावं आणि आकडे सोडले तर तिचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं आणि आता वाचायचंही नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"प्रभाताई. चौतीस."

डायरी तिरकी धरलेली होती. प्रभाताईंनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं होतं, आणि उलटी धरलेली उत्तरपत्रिकाही त्या टेबलाच्या पलीकडून वाचायच्या. पडद्यावर दोनच शब्द होते, पडदाभर मोठे: नॉट फाउंड. त्यांनी ते एकदा वाचलं. सवयीनं दुसऱ्यांदा तपासलं. बिस्मिल्ला माप घ्यायच्या कापडी पडद्याची कड धरून उभी होती.

"बरोबर," प्रभाताई म्हणाल्या. पर्स पुन्हा मांडीवर आली. "काहीच फरक नाही. आमच्या बाकी दहाजणींचंही यातच आहे ना?"

"सगळ्यांचं."

"मग लोक काहीही बोलतात. कापा तुम्ही. काशम्माला मी सांगते, उगाच रुसून बसलीये."

त्या उठल्या. निघताना चौकटीत थांबून त्यांनी बिस्मिल्लाला जवळ बोलावलं आणि आवाज खाली घेतला. शाळेतला आवाज तो, खाली घेतला तरी कटिंगच्या टेबलापर्यंत नीट पोचला.

"भाभी, आठ दिवस केळवणं आहेत. या वेळी एक टिंब जास्त टाका."

गैबीसाबनी मान वर केली नाही. मोरपंखी कापड उलटं केलं, खडू घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं टिंबं काढली. मोजून पाच.