आठ इंच तोकडा पडदा

"कुणाला सांगायचं आणि कशाला सांगायचं! आपलं आपण निस्तरायचं, झालं!"

मखमलीच्या ताग्यांपलीकडे मास्तर पुटपुटले आणि अलीकडे अस्तर शोधत असलेल्या बाईंचे कान टवकारले. बाई म्हणजे पडद्यांच्या या कारखान्याच्या मालकीणबाई. मास्तर म्हणजे पहिल्या दिवसापासून तिथं कापड कापणारे, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारे गृहस्थ. आज त्यांनी सकाळी सकाळीच नऊ वापरून टाकले होते, म्हणजे प्रकरण गंभीर!

दुसरी कुणी असती तर पलीकडे जाऊन विचारती झाली असती, "काय निस्तरायचं, मास्तर?" बाईंना न विचारताच समजलं. न विचारता समजणं हा त्यांचा हातखंडा होता.

त्यांनी तडक शिवणयंत्रापाशी जाऊन धाकट्या जाऊबाईंना गाठलं. शिलाईचं सगळं त्याच बघायच्या.

"ऐकलंस का? माझ्या कारखान्यात माणसं चुका लपवतात! का लपवतात? भीतीनं! भीती का वाटते? कारण आपण चुकांचं कौतुक करत नाही!"

"ताई, मला वाटतं..."

"अगदी बरोबर! मलाही तेच वाटतं."

जाऊबाईंनी सुई दातात धरली.

आता निस्तरायचं काय होतं ते तुम्हाला सांगूनच टाकते. बाई सोडून सगळ्या कारखान्याला ते ठाऊक होतं, मग तुम्हीच का मागे राहावं? बाईंची माप घ्यायची एक शंभर फुटी कापडी फीत होती, चामड्याच्या गोल डबीतली. कारखाना काढला तेव्हाची पहिली खरेदी. सुरुवातीलाच कधीतरी ती दारात अडकली आणि टोकाची कडी, चार इंच फितीसकट, तुटून पडली. मास्तरांनी उरलेल्या टोकाला दाभणानं कडी अशी सुबक शिवली की जणू कंपनीतूनच तशी आली! फक्त आता फीत शून्याऐवजी चारापासून सुरू होत होती. बाईंना हे दिसायचं कारण नव्हतं. माप घेताना डबीचं टोक नेहमी बाईंच्या हातात. कडीचं टोक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. बाई आकडा मोठ्यानं वाचणार, कागदावर टिपणार, खाली ठसठशीत सही करणार. तो आकडा दर वेळी चार इंच जास्त! आणि मास्तर कापताना दर वेळी गुपचूप चार इंच कमी करणार. झालं, पडदा चोख!

"अकरा वर्षांत आपला एकही पडदा परत आलेला नाही!" हे बाई भेटेल त्याला सांगत. दातांच्या डॉक्टरांना तर त्यांनी तोंडात नळी असतानाही सांगितलं होतं.

हल्ली बाई रोज सकाळी फोनवर एका विद्वान गृहस्थांची व्याख्यानं ऐकत. संघ कसा शिकतो, नेत्यानं काय करावं, वगैरे. त्यात मास्तरांचं पुटपुटणं कानावर पडलं आणि ठिणगी पडली. शनिवारी दुपारी यंत्रं बंद करून बाईंनी सगळ्यांना फळ्यासमोर बसवलं. फळ्यावर लिहिलं होतं : चूक सांगा, टाळ्या मिळवा!

"आजपासून आपण शिकणारा कारखाना! कोण सुरू करतं? शिडी, तू!"

शिडी म्हणजे पडदे टांगणारा कारागीर. उंची सव्वासहा फूट, म्हणून ते नाव. लग्न झालं, दोन पोरं झाली, बायकोसुद्धा त्याला शिडीच म्हणू लागली.

शिडी उभा राहिला. मास्तरांकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं, घसा खाकरला. "बाई, चूक अशी की, ती फीत आहे ना, तिच्या..."

"ती तू नीट गुंडाळत नाहीस! माहीत आहे मला! पण कबूल केलंस, याला हिंमत लागते. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. शिडी खाली बसला. न केलेल्या चुकीबद्दल इतक्या टाळ्या त्याला जन्मात मिळाल्या नव्हत्या.

"मास्तर?"

मास्तर उठले. त्यांचा चेहरा दाढ उपटायला आल्यासारखा झाला होता. "मी कागदावरच्या मापातून थोडं कमी करतो."

जाऊबाईंच्या बोटातलं अंगुस्तान गळून पडलं.

"का करता?" बाईंनी प्रेमानं विचारलं. "सांगते! अनुभव दांडगा म्हणून हात आपोआप मनाचं ऐकतो! मोठमोठ्या कलाकारांचं असंच होतं. टाळ्या! पण मास्तर, यापुढे कागदावर असेल तेच माप. मनानं फेरफार बंद. शब्द द्या मला."

मास्तरांनी एकदा फळ्याकडे पाहिलं. "दिला," म्हणाले आणि बसले.

मग जाऊबाईंनी शब्द दिला, शिडीनंही दिला. बाईंचे डोळे पाणावले. माणसं कशी फुलासारखी उमलताहेत!

आणि दुसऱ्याच आठवड्यात अकरा वर्षांतलं सगळ्यात मोठं काम चालून आलं. नव्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा! गडद लाल मखमल, दोन मजले उंच. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "हा उत्तम झाला तर बाराही खिडक्या आणि मागचे सगळे पडदे तुम्हालाच. आणि उद्घाटनाला मंचावर या. तुमचा कारखाना कसा चालतो यावर दोन शब्द बोला."

दोन शब्द! बाईंनी त्याच दिवशी सतरा पानं लिहून काढली.

माप घ्यायला शिडी कडी घेऊन वर चढला, बाई डबी घेऊन खाली उभ्या. बाईंनी आकडा वाचला. वरून शिडी खोकला. बाईंनी सही केली. शिडी पुन्हा खोकला.

"धूळ आहे रे वर. तोंडाला रुमाल बांध!"

कागद मास्तरांच्या टेबलावर आला. मास्तर कात्री हातात घेऊन अर्धा तास उभे राहिले. शब्द दिला होता. पण एवढी मखमल चार इंच जमिनीवर लोळणार, लोकांच्या पायांत येणार, अकरा वर्षांची शान केराबरोबर जाणार! मास्तरांनी डोळे मिटले, आयुष्यात पहिल्यांदा शब्द मोडला आणि चार इंच कमी कापले. कुणाला सांगणार? शब्द मोडला हे काय मिरवायचं असतं?

कापड शिलाईला गेलं. जाऊबाईंनी विचार केला, मास्तर शब्दाचे पक्के, आभाळ कोसळलं तरी कागदाबरहुकूमच कापणार. ताईंची लाज आता माझ्याच हातात! त्यांनी खालची दुमड चार इंच जास्त घेतली आणि आवाज न करता शिवून टाकली.

पडदा टांगायला गेला. शिडीनं विचार केला, मास्तर आणि शिलाईच्या काकू दोघंही मोठी माणसं, शब्द मोडायची नाहीत. बाईंची इज्जत आता आपल्यावर! त्यानं वरची पट्टी चार इंच जास्त दुमडली आणि कड्या अडकवल्या. खाली रंगकाम चालू होतं, म्हणून पडद्याचा खालचा घेर गोळा करून कापडात बांधलेला होता. उद्घाटनाच्या दिवशी कार्यक्रमाच्या जरा आधी कुणीतरी तो सोडला.

सभागृह गच्च भरलं होतं. पडदा बंद. मागे पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. पुढे प्रेक्षकांना मखमल दिसत होती, आणि मखमलीखाली आठ इंचांची लांबलचक खिडकी! त्या खिडकीत पायच पाय! व्यवस्थापकांचे बूट डावीकडून उजवीकडे धावत गेले, थबकले, उजवीकडून डावीकडे परत आले. प्रमुख पाहुण्यांचे बूट नवे असावेत. एक बूट हळूच निघाला. मोज्याला भोक होतं आणि भोकातून बाहेर आलेला अंगठा वारा खात बसला. पहिल्या रांगेत खसखस पिकली.

मग मधोमध चपलांचा एक जोड आला. वरून दणदणीत आवाज आला. बाई भाषणाची तालीम करत होत्या.

"आमच्या कारखान्यात काहीही झाकलं जात नाही!"

प्रेक्षकांत हशा उसळला. बाईंना वाटलं, बाहेर कुणीतरी विनोद सांगतंय. त्यांनी आवाज चढवला.

"आम्ही सगळं उघड ठेवतो!"

सभागृह कोसळायचं बाकी राहिलं! पडदा उघडला तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. प्रमुख पाहुणे एका बुटावर उठून लंगडत नमस्कार करत होते. बाईंनी सतराच्या सतरा पानं वाचली, आणि लोक प्रत्येक वाक्याला हसले. मंचावरून उतरताना बाईंना वाटत होतं, आपल्यात वक्तृत्व आहे हे आजवर कुणी सांगितलं कसं नाही!

तेवढ्यात व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, पडदा आठ इंच तोकडा आहे. संध्याकाळी नाटक आहे. तोवर नीट झाला तर ठीक, नाहीतर उतरवून घेऊन जा. बाकीचं काम मग दुसऱ्या कुणाला तरी देतो."

बाईंनी वळून पडद्याकडे पाहिलं आणि मंचाच्या पायरीवर बसल्या. अकरा वर्षांत एकही पडदा परत... त्यांच्याच्यानं वाक्य पुरं होईना.

पाच मिनिटांत मास्तर, जाऊबाई, शिडी रिकाम्या मंचावर माना खाली घालून हजर झाले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघं एकदमच बोलले, "चूक माझी!"

"मी चार इंच कमी कापले," मास्तर म्हणाले.

"तुम्ही कापले?" जाऊबाई किंचाळल्या. "शब्द दिला होतात ना! मी दुमडीत घेतले चार!"

"काकू, तुम्हीपण?" शिडीनं कपाळाला हात लावला. "मग मी वर कशाला घेतले?"

बाई उभ्या राहिल्या. "थांबा, थांबा! दुमडीत चार, वर चार. म्हणजे कापड कापून गेलेलं नाही? पडद्यातच आहे?"

"आहे की! टाके उसवले की झालं," जाऊबाई म्हणाल्या. "दोन तासांचं काम."

शिडी वर चढला, जाऊबाई कात्री घेऊन खाली बसल्या, मास्तरांनी इस्त्री तापवली. दुमड सुटली, पट्टी सुटली, मखमल सळसळत खाली आली आणि फळीला अशी नेमकी टेकली की मधून कागदसुद्धा सरकला नसता! व्यवस्थापकांनी वाकून पाहिलं. "खिडक्यांची मापं सोमवारी घ्या," म्हणाले आणि गेले.

बाईंचा ऊर भरून आला. "पाहिलंत? याला म्हणतात शिकणारा कारखाना! तिघांनी न विचारता चूक कबूल केली. कुठं मिळतील अशी माणसं? मला अभिमान वाटतो तुमचा!" आणि मग त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली. "पण काय हो, तिघांनीही चारच का कमी केले? पाच का नाही? तीन का नाही?"

शिडी खोकला. या खेपेला धूळ कुठंच नव्हती.

जाऊबाईंनी बाईंच्या पिशवीतून डबी काढली, कडी ओढली आणि टोक बाईंच्या तळहातावर ठेवलं. "वाचा, ताई. पहिला आकडा वाचा."

बाईंनी वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. फितीवरून बोट फिरवत दाभणाचे बारीक टाके चाचपले. एवढे सुबक टाके कुणाच्या हातचे हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"म्हणजे अकरा वर्षं..." बाई तिघांकडे आळीपाळीनं बघू लागल्या. "प्रत्येक पडदा तुम्ही... आणि मी मात्र गावभर सांगत..."

"पडदे आपलेच होते, ताई," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही खोटं काहीच सांगितलं नाहीत."

"पण मला कुणी सांगितलं का नाही? मी एवढी वाईट आहे का? भीती वाटते माझी? सांगते ना मी, भीतीच वाटत असणार! नाहीतर तुम्हाला वाटलं असेल, पहिली खरेदी, बाईंच्या मनाला लागेल! तसंच असणार! की मास्तर, तुम्हाला..."

"बाई," मास्तर म्हणाले.

बाई थांबल्या. मास्तरांनी इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले, आणि रोजच्या दहा शब्दांच्या कोट्यावर पाणी सोडलं.

"बाई, तुम्ही विचारता फार छान. पण आम्ही तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देता."